डोळा शेवटी

खरं प्रेम पहिल्या नजरेतच होतं. त्या एका नजरेत माणसाला आपलं सगळं पुढचं आयुष्य दिसतं आणि काळजाचा ठोका चुकतो. राजेश्वरीच्या बाबतीत ती पहिली नजर एका मरळ माशाची होती.

ठोका मात्र खरोखर चुकला.

भर दुपारची वेळ. बारामतीत भिगवण रस्त्याच्या आतल्या बोळात तिच्या वडिलांचं, रामहरींचं, 'स्मृती फ्रेम सेंटर' आहे. एम. कॉम. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून राजेश्वरी तिथं बसायला लागली, त्याला आता चार वर्षं झाली होती. दुकान दोन प्रकारच्या माणसांवर चालायचं : मेलेली आणि निवडून आलेली. पुढं निवडून आलेली सगळी फ्लेक्सवर गेली. उरली मेलेली. त्यामुळं गिऱ्हाईक आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असे. हयात माणसाला सोनेरी पट्टी, गेलेल्याला तपकिरी. शिवाय चंदनाच्या हारासाठी वर दोन बारीक आकडे.

समोरच्या माणसानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काउंटरवर ठेवली आणि कागद बाजूला केला. आत मरळ होती. हातभर लांब, पाठ काळपट हिरवी, पोटाशी पिवळसर. खवल्यांवरून नुकतंच पाणी निथळल्यासारखं दिसत होतं. ती राजेश्वरीकडं बघत होती. राजेश्वरीनं बोट लावलं आणि ओढणीला पुसलं. बोट कोरडंच होतं. ते चित्र होतं.

सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "हयात की कैलासवासी?"

"हयात," तो म्हणाला. "काल दुपारी सोडली पाण्यात. तवा तरी हयात हुती."

ती हसली. तो हसला नाही. तिनं पावतीपुस्तक ओढलं.

"नाव?"

"माजं का तिचं?"

"ज्याचं चित्र, त्याचं लिहितो आम्ही."

"तिला नाव न्हाय. तुमी ठिवा."

"आणि तुमचं कुणी ठेवलं?"

"आज्यानं. त्याचंच हाय. गेणबा."

प्रेमकथेच्या नायकाचं नाव गेणबा असू नये, असा संकेत आहे. पण हा गेणबा एकोणतीस वर्षांचा होता, नखांच्या कडेला निळा रंग अडकलेला होता, अंगाला ओल्या दगडाचा वास होता, आणि बघताना तो पापणी फार कमी लववायचा. इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी त्याचं गाव. पोटासाठी उसाच्या ट्रॉल्यांवर आणि ट्रॅक्टरवर नावं रंगवायचा. बाकीचा वेळ गळ टाकून बसायचा.

जाताना तो दारात थबकला.

"म्याडम... काच जरा बेतानं लावा. तिला कोंडल्यावानी व्हायला नको."

राजेश्वरी त्या दिवशी दोनदा विनाकारण हसली. तिसऱ्यांदा हसणार होती, पण मरळ बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच आतून ओली होती.

दुकानात तीस वर्षं काच कापणारे इब्राहिमचाचा म्हणाले, "हवा ऱ्हायली असंल आत." फ्रेम उघडली, पुसली, पुन्हा ठोकली. संध्याकाळपर्यंत तळाशी बोटभर उंचीची थेंबांची सरळ रेघ उभी राहिली, ग्लासात पाणी ओतावं तशी. चाचांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती मात्र त्यांनी जरा वेळानं, चहा संपल्यावर सांगितली.

"पोरी, ही भिंतीवरची मान्सं आधी सरळ बघायची ना गं?"

भिंतीवर, नातेवाईक न्यायला यायचे होते असे सात कैलासवासी टांगलेले होते. राजेश्वरीला तसं काही वाटलं नाही. तिनं फक्त मरळ काढून समोरच्या भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी चाचांनी त्या सात जणांबद्दल काही विचारलं नाही, आणि तिनंही त्यांच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

गेणबा दर बाजारच्या दिवशी येऊ लागला. आधीचा मासा न्यायचा, नवा आणायचा. कटला आला, चिलापी आली. काळी चकचकीत वांब आली आणि ती आल्यावर चाचांनी दोन दिवस काउंटरकडं पाठ करून काच कापली. चित्रं तो जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर काढायचा. त्यामुळं प्रत्येक माशाच्या मागं कुणाचा तरी वाढदिवस असे.

"हे कोण?" चिलापी उलटी करून राजेश्वरीनं विचारलं.

"आमच्याकडचं युवा नेतृत्व."

"आणि पुढची?"

"पुढची चिलापी. पन तिच्या डोळ्यात बघा, काय तरी इचार हाय."

रामहरींनाही तो आवडला. "गिऱ्हाईक लाख हाय," ते म्हणाले. "घरात कुणी मेल्याशिवाय येतंय."

बोलणं वाढलं. ते वाढावं म्हणून राजेश्वरी पट्ट्यांचे नमुने एकेक करून दाखवायची, आणि तो शेवटी पहिलाच पसंत करायचा.

"एवढे मासे पकडता. एखादा खाता की नाही?"

"चित्र काढलेला न्हाय खात."

"आणि न काढलेला?"

"त्यो खातो. त्याची-माजी वळख झालेली नसती."

"म्हणजे ओळख झाली की सुटका?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं... नेहमीसारखंच, पापणी न लववता. पण या वेळी नजर आधी त्यानं वळवली. राजेश्वरीनं धीर केला.

"माझं काढाल चित्र?"

"न्हाय."

"बसेन मी हवा तेवढा वेळ. माशापेक्षा कमी हलते."

"न्हाय म्हंजे न्हाय, म्याडम."

तो वर्तमानपत्राची घडी न घालताच गेला. त्या संध्याकाळी राजेश्वरी आरशासमोर बराच वेळ उभी होती. ज्या माणसानं वांबीला नकार दिला नाही, त्यानं आपल्याला द्यावा, ही गोष्ट कुठल्याही मुलीच्या मनाला लागेल.

*

चार दिवसांनी फुगवट्याच्या काठच्या एका ग्रामपंचायतीला फोटो पोचवायचा होता. एरवी तो एसटीच्या कंडक्टरच्या हाती जातो. या खेपेला राजेश्वरी स्वतः घेऊन गेली. फोटो पोचवून झाल्यावर ती विचारत विचारत पाण्यापर्यंत आली.

सकाळचे नऊ वाजले होते, पण धुकं हटलं नव्हतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, ते कळत नव्हतं. पलीकडं फ्लेमिंगो बघायला पुण्याहून आलेली माणसं हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन कुजबुजत होती. गेणबा त्यांच्याकडं पाठ करून बसला होता. शेजारी निळा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरून केलेली टाकी, रंगाचे डबे, आणि पाण्यात उतरलेला दोरा.

"जपून," मागं न बघताच तो म्हणाला. "तितनं खाली आमची गल्ली लागती."

ती थांबली. पायाखाली चिखल आणि पुढं फक्त पाणी.

"जुनं गाव हाय खाली. धरणात गेलं. मी काय बघितलं न्हाय, आज्यानं पाठ करून घेतलं माज्याकडनं. ह्ये हितं पार. तितं कुंभाराचं घर. त्याच्या अंगाला वळसा घातला की आमचं."

"आणि हा दोरा?"

"आमच्या सैपाकघरात सोडलाय."

दोरा किंचित हलला. गेणबानं त्यावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी.

"हाय कुनीतरी घरात," तो म्हणाला.

घरात कटला होता. गेणबानं गळ असा अलगद सोडवला की रक्ताचा थेंब आला नाही, आणि त्याला टाकीत सोडून तो रंगवायला बसला. राजेश्वरी दगडावर बसून बघत राहिली. आधी पाठ, मग पोट, मग खवले. एकेक, न चुकता. मासा टाकीत फेऱ्या मारत होता. फ्लेक्सवर तो भरत आला तसा टाकीतला मंद होत गेला. डोळ्याची जागा पांढरीच होती.

"डोळा?"

"डोळा शेवटी."

त्यानं बारीक कुंचला घेतला, श्वास रोखला आणि डोळा रंगवला. टाकीतला मासा थांबला. पूर्ण थांबला, कल्ल्यांसकट. राजेश्वरी उठून उभी राहिली. मग गेणबानं टाकी पाण्यात कलती केली, आणि कटला निघून गेला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पण मासे तसंही पाहत नाहीत.

"शंभराच्या वर काढलं असतील," कुंचला पुसत तो म्हणाला. "सोडलेला एक बी पुन्हा गळाला न्हाय लागला. जाळीवाल्यांना बी न्हाय. मी वळखतो की एकेकाला. डोळा काढला, की ज्याला काढलं ते जातंय."

"माशांचं सोडा. माणूस काढलाय कधी?"

गेणबानं कुंचला डब्यात उभा केला.

"बहिनीचं काढलं. छकुलीचं. आठ दिसांत लगीन ठरलं तिचं. इचलकरंजीला असती."

"ती गेली नाही, नांदायला गेली."

"फोन बी करत न्हाय. मग तलाठ्याचं काढलं, पंधरवड्यात बदली. मग गावानंच ग्रामसेवकाचं काढायला लावलं."

"बदली?"

"थेट गडचिरोली." तो थांबला. "मग आज्याचं काढलं. दुपारी डोळा झाला. दिवेलागणीला गेला आजा."

"किती वय होतं?"

"त्र्यान्नव."

राजेश्वरीला हसू येत होतं आणि अंगावर काटाही. धुक्यात कुठंतरी, बहुधा कुंभाराच्या घरावर, पाण्यात काहीतरी डुबकन वाजलं.

"म्हणून माझं चित्र नको?" तिनं हळूच विचारलं.

तो डब्यांची झाकणं लावत राहिला. एक झाकण त्यानं तीन वेळा लावलं.

"डोळा काढला, की सोडावं लागतं, राजेश्वरी म्याडम. तुमाला... मला न्हाय जमनार ते."

यावर काय बोलायचं असतं, ते एम. कॉम.ला शिकवत नाहीत. ती म्हणाली, "एसटी किती वाजता आहे?"

*

त्याच आठवड्यात इंदापूरचा रविराज तिला बघायला आला. वय एकतीस, ठिबक सिंचनाची एजन्सी, दोन मजली घर, निर्व्यसनी. निदान बायोडाट्यात तरी. पोहे झाले, चहा झाला, त्याच्या चुलत्यानं तिला दूध संघाच्या धंद्यावर दोन प्रश्न विचारले, आणि मंडळी "कळवतो" म्हणून गेली. रामहरी खुशीत होते. नंतरच्या आठवड्यात ते गप्प गप्प झाले. राजेश्वरीनं ओळखलं : होकार आलाय, बाप खर्चाच्या काळजीत आहे. आपण विचारलं, की तो सांगणार. म्हणून तिनं विचारलंच नाही. ट्रॉल्या रंगवणाऱ्या माणसाचं नाव बापापुढं काढायचं, तर आधी इंदापूरची वाट मोकळी व्हायला हवी होती.

बाजारच्या दिवशी गेणबा आला, तेव्हा तिनं काउंटरवरून त्याच्याकडं बायोडाटा सरकवला.

"याचं चित्र काढा."

त्यानं फोटो पाहिला, खालची माहिती वाचली. रास, गोत्र, अपेक्षा : सुशील व गृहकृत्यदक्ष.

"तुमाला बघून गेला त्यो?"

"हो."

"न्हाय काढनार. काय झालं-बिलं तर?"

"काय होणार? तलाठ्याची बदली झाली. याची एजन्सी जाईल लातूरला."

"आजा मेला माजा."

"आजोबा त्र्याण्णव वर्षांचे होते, गेणबा. हा एकतीसचा आहे."

ती पहिल्यांदाच त्याला नावानं बोलली होती. त्यानं बायोडाटा घडी करून खिशात घातला. मोठमोठे निश्चय अशा किरकोळ कारणांनी मोडतात.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, तो चित्र घेऊन आला. चाचा नमाजला गेले होते. रामहरी नात्यातल्या कामाला सोमेश्वरनगरला. गेणबानं कागद काढला. रविराज पूर्ण होता : भांग, मिशी, कॉलरची दुमड, हनुवटीवरचा दाढी करताना कापल्याचा व्रण. फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढरे तुकडे होते.

"ऱ्हाऊ द्या का असंच?" तो म्हणाला. "तुमी सांगाल तवाच काढीन. न्हायतर फाडून टाकतो."

राजेश्वरीनं भिंतीवरच्या कैलासवासींकडं पाहिलं. त्यांनी कुठलंही मत दिलं नाही.

"काढा."

त्यानं डावा डोळा रंगवला. "अजून थांबता येतंय."

"थांबू नका."

त्यानं उजवा रंगवला. रविराजनं तिच्याकडं पाहिलं. बघायला आला होता तेव्हा त्यानं सगळा वेळ टीपॉयकडं पाहिलं होतं. एवढं नीट तो आत्ताच बघत होता. राजेश्वरीनं एका हातानं काउंटरची कड पकडली. गेणबानं तो हात धरला आणि लगेच सोडला. बोटांवर निळा रंग राहिला.

"चला, चहा पिऊन येऊ," ती म्हणाली. दुकान उघडं टाकून ती चहाला गेली, असं चार वर्षांत प्रथमच घडलं.

चहाला अर्धा तास लागला. दोघं मिळून अकरा वाक्यं बोलले असतील. परत आले तेव्हा चाचा स्टुलावर उभे राहून भिंतीवर फ्रेम सरळ करत होते. तपकिरी पट्टी. वर दोन आकडे. आकड्यांना चंदनाचा हार. हारात रविराज.

"चाचा!" ती ओरडली.

"पावती न्हवती लावलेली, पन म्या वळखलं." चाचांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तरनंताठं पोरगं गं. गाडीवर गेलं असंल. म्हनलं, हार जरा भारीतला लावू."

चाचांची काही चूक नव्हती. हयात माणूस फ्लेक्सवर जातो आणि मेलेला फ्रेममध्ये, हे बारामतीत कुणालाही ठाऊक आहे. तिघंही वर बघत राहिले. तेवढ्यात काच आतून धूसर झाली. सगळी नाही, ओठांपुढं, रुपयाएवढी. मग ती वाफ विरली. पुन्हा आली, पुन्हा विरली. एका लयीत.

मग यायची थांबली.

"या अल्ला," चाचा म्हणाले आणि स्टुलावरून उतरले.

राजेश्वरीनं बायोडाट्यावरचा नंबर लावला. फोन बंद होता. पुन्हा लावला. बंद. पाचव्यांदा लावल्यावर ती गेणबाकडं वळली.

"गाडी काढा."

*

बारामतीहून इंदापूरला जाताना हंगामात माणसाला मरणाबद्दल विचार करायला भरपूर वेळ मिळतो, कारण पुढं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात. भवानीनगरला कारखान्यासमोर पंधरा मिनिटं गेली. मळीचा गोड-कुबट वास, ट्रॅक्टरवर कर्कश गाणी, आणि मोटारसायकलवर दोघं. मधे तिची पर्स. लासुर्ण्याच्या पुढं खड्डा आला आणि पर्स मधे राहिली नाही.

"मी मारलं त्याला," ती त्याच्या पाठीशी बोलली.

"कुंचला माजा हुता."

"मी म्हणाले, काढा. दोनदा म्हणाले."

पुढच्या ट्रॉलीच्या मागं 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिलेलं होतं. अक्षर गेणबाचंच होतं. शेळगावपाशी रस्ता पुन्हा तुंबला, त्यानं गाडी बंद केली. दोन्हीकडं उभा ऊस, वारा नाही, आणि तरी आतून सळसळ येत होती.

"मी मघाशी शपथ घेतलीय," राजेश्वरी म्हणाली. "तो जिवंत असला, तर त्याच्याशी लग्न करीन. होकार आला असला तर आला. मुकाट्यानं करीन."

"अन् नसला तर?"

"नसला तर आपल्या दोघांमध्ये तो कायमचा राहील, गेणबा. त्या हारासकट. मग कसलं काय?"

गेणबा ऊस बघत होता.

"मग जित्ताच असू दे," तो म्हणाला.

त्यानं पुढं, समोरच्या ट्रॉलीलाच सांगावं तसं, सांगितलं, "एक सांगायचं हुतं. तुमचं चित्र काढत न्हाय म्हनलो, ती थाप हुती. चार काढलीत. घरी हायत."

"चार?"

"एक पावती फाडताना. एक ओढणीला बोट पुसताना. दोन नुसतीच... बसलेली." तो अडखळला. "डोळं न्हाय काढलं एकात बी. जागा तशीच ठिवलीय. म्हंजे तुमी जात न्हाय."

कुणीतरी आपले बिनडोळ्यांचे चार चेहरे घरात भिंतीला लावून त्यांच्याखाली जेवत असतो, हे ऐकून शहाण्या मुलीनं गाडीवरून उतरावं. ऊस सळसळला. राजेश्वरीनं कपाळ त्याच्या पाठीला टेकवलं.

"कधीच काढू नकोस," ती म्हणाली. "काही झालं तरी."

"न्हाय काढत." मग अगदी हळू, "...तू रडू नको."

ट्रॉली हलली.

इंदापुरात रविराजचं घर शोधायला लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशीच मांडव दिसला. पांढरा. बाहेर पन्नासेक चपलांचे जोड, टोप्या घातलेली माणसं खुर्च्यांवर गप्प बसलेली. राजेश्वरी गाडीवरून उतरली ती तिथंच थांबली. गेणबानं तिचा दंड धरला, आणि दोघं मांडवाच्या कडेकडेनं आत गेले.

समोर तपकिरी पडद्यापुढं रविराज होता. गळ्यात हार, कपाळाला गंध, हनुवटीवर तोच व्रण. हलत नव्हता. डोळे सरळ राजेश्वरीवर रोखलेले. चित्रात होते तसेच. तसूभर इकडं-तिकडं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, "हां, झाला फोटो," आणि तो हलला. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं पदर सारखा केला. दोघांच्या मधे साखरेचा पुडा होता. गप्प बसलेली माणसं जेवणाची वाट बघत होती.

"जित्ता हाय," गेणबा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि त्या आनंदाचं त्याला फार दुःख झालेलं दिसत होतं.

राजेश्वरी बघतच राहिली. ती शपथेला बांधलेली होती. पण शपथ पुरी करायला शेजारच्या खुर्चीवर जागा नव्हती. तिच्या गळ्यातून एक चमत्कारिक आवाज निघाला. आधी रडण्यासारखा वाटला, मग ते हसू आहे हे गेणबाच्या लक्षात आलं. तिनं त्याचा रंग लागलेला हात धरला, आणि या वेळी तो कुणीच सोडला नाही.

तेवढ्यात रविराजचा चुलता त्यांच्यापर्यंत पोचला. दूध संघावर प्रश्न विचारणारा. त्यानं तिला ओळखलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, तुमी? तुमी काय भांडाय-बिंडाय तर न्हाय ना आला?"

"नाही हो. यांचा फोन लागत नव्हता."

"फोटोच्या टायमाला बंद ठिवलाय समद्यांचा. तसं रामहरीतात्यांना म्या सोता सांगितलं हुतं की. मुलगी लाखात एक, आमचं काय म्हननं न्हाय. पन दोघं शेजारी हुभी ऱ्हायली, की आमचं पोरगं दोन इंच बुटकं दिसतंय. फोटोत बरं दिसत न्हाय ते. तात्या म्हनले, पोरीला वाईट वाटंल, मीच सांगतो सावकाश." त्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "मंगळवारीच कळवलं हुतं."

डोळे शुक्रवारी काढले होते.